बाबा घट्ट वेण्या घालायचे

पत्र (थोडक्यात): माझं वय ५३. बदलापूरला राहते, शाळेत शिकवते. गेल्या कार्तिकात बाबा गेले. येत्या कार्तिकात संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी वर्षश्राद्ध आहे. भावकी येईल, वाडीतली माणसं येतील, बाबांच्या खात्यातले उरलेले दोघं-तिघं येतील. भावांनी मला सांगितलंय, तू मास्तरीण, बाबांवर दोन पानं तूच लिही आणि वाच. महिनाभर वही उघडून बसते आहे. ‘कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ’ एवढं लिहिलं की पेन थांबतं.

बाबा १९६१ साली मामांच्या ओळखीनं लालबागच्या एका गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले. साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, त्यांच्याकडे चार साचे होते. ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली. मग त्यांनी स्टोव्ह, छत्र्या, नळ असं मिळेल ते दुरुस्त करून आणि आईनं पोळ्या लाटून आम्हा तिघांना वाढवलं. मोठं असं काही त्यांच्या हातून झालं नाही. शिवाय ते तापट होते, सतत मोठ्यानं बोलायचे. दादानं शाळा सोडून चहाच्या टपरीवर काम धरलं तेव्हा त्याला पट्ट्यानं मारलं होतं. मी पाचवीत असताना पालकसभेला आले आणि बाईंशी इतक्या मोठ्यानं बोलले की सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी त्यांना शाळेत येऊच दिलं नाही. आई पहाटे कामाला जायची म्हणून माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की मैत्रिणी चिडवायच्या. हे लोकांना काय सांगायचं? आणि त्यांची हत्यारांची लाकडी पेटी धाकटा भाऊ भंगारात द्यायला निघालाय. तीत एक पातळ, चपटा आकडाही आहे. कशाचा, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. काय करू?

उत्तर:

ताई,

आधी त्या आकड्याचं सांगते, बाकीचं मग आपोआप येईल.

वीतभर लांबीची, पात्यासारखी पातळ पट्टी आणि टोकाला बारीक खाच, अशी ती वस्तू असेल तर तो साचेवाल्याचा आकडा आहे. माझे थोरले काका परळच्या गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या खाकी हाफ पँटच्या खिशात तसा आकडा आणि एक छोटी कात्री कायम असायची. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती.

साच्यावर हजारो उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. धोटा इकडून तिकडे धावतो आणि त्याच्या पोटातल्या कांडीवरचा आडवा धागा, म्हणजे बाणा, ताण्यातून ओवत जातो. तो बाणा ठोकून जागेवर बसवते ती फणी. ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या दातांमधल्या फटीतून आलेला असतो. मधेच एखादा तुटला की साचा थांबवायचा, हजारोंतून तुटलेलं टोक शोधायचं, आकडा नेमक्या त्या फटीत घालून धागा ओढून घ्यायचा, गाठ मारायची आणि साचा पुन्हा सुरू करायचा. गाठ जाड झाली तर फणीत अडकून धागा पुन्हा तुटतो. धागा चुकीच्या फटीतून गेला तर कापडभर रेघ उमटते आणि त्याचा जाब साचेवाल्याला द्यावा लागतो. त्यांचा पगार विणलेल्या कापडाच्या मापावर, म्हणजे साचा जितका वेळ उभा तितकी कमाई उभी. तुमच्या बाबांकडे असे चार साचे होते. एकावर धागा जोडत असताना बाकी तीन साच्यांवर लक्ष ठेवायचं, कुठली कांडी संपत आली ते बघायचं. आठ तास उभ्यानं, आणि तेही दमट हवेत, कारण सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्यात ओल मुद्दाम धरून ठेवलेली असायची.

आता त्यांच्या मोठ्या आवाजाकडे येते.

धोट्याला दोन्ही बाजूंनी टोला बसतो, मिनिटाला दीडशे ते दोनशे वेळा. असे शेकडो साचे एका छपराखाली. धोट्याच्या साच्यांच्या खात्यात आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे कायद्यानं धरलेली मर्यादा आहे ९०. त्या काळात कानात घालायला कुणी काही दिल्याचं काकांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. फार तर कापसाचे बोळे. खात्यात माणसं एकमेकांशी खुणांनी आणि ओठांच्या हालचालीवरून बोलायची.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे. दसऱ्याच्या पूजेला काका आम्हाला खात्यात घेऊन गेले होते. साचे बंद, त्यांवर झेंडूच्या माळा, उदबत्त्यांचा वास. पायाखाली चिकट तेलकट फरशी. इतकी शांतता की बाहेरच्या गाड्या ऐकू येत होत्या. आणि त्या शांततेत काका आणि त्यांचे सोबती एकमेकांशी तारस्वरात बोलत होते, हातभर अंतरावरून. मला वाटलं भांडण लागलंय, म्हणून मी काकूचा पदर धरला. काकू म्हणाली, “अगं, ऐकू येत नाही त्यांना.” एवढंच, जसं काही पाऊस पडतोय म्हणून सांगावं.

वर्षानुवर्षं अशा आवाजात राहिलेल्या माणसाचा कान एकदम जात नाही. आधी बारीक, उंच सूर जातात. स, श, च अशी अक्षरं पुसट होतात, त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज पुरुषांच्या आवाजाआधी हरवतो. आणि स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसल्यानं माणूस तो चढवतो. १९६१ पासून एकवीस वर्षं साचा खात्यात काढलेला माणूस पाचवीच्या वर्गात, पन्नास पोरांच्या गलक्यात, एका बाईंशी बोलायला उभा राहिला, ताई. बाईंचा आवाज त्यांच्यापर्यंत किती पोचला असेल? तुमचा किती पोचत असेल?

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. दहा वर्षांच्या मुलीला हे कळायला हवं होतं असं मी अजिबात म्हणत नाही. तुम्हाला ते कुणी सांगितलंच नाही. बहुधा बाबांनाही कुणी सांगितलं नसेल. त्यांच्यापुरतं, जग हळू बोलायला लागलं होतं.

मात्र सगळा राग कानांवर ढकलू नका. राग होताच, आणि त्याला कारणही होतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे २.५ लाख कामगार गिरण्यांबाहेर आले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. म्हणजे तुमच्या बाबांची नोकरी कुठल्या तारखेला गेली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आज मिटेल, दिवाळीपर्यंत मिटेल, असं करत वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण हजारोंना परत घेतलं नाही. निकाल लागला असता तर माणसानं एक दिवस रडून घेतलं असतं. इथे रडायला दिवसच ठरला नाही. हातात एकवीस वर्षांचं कसब आणि त्या कसबाला गिरणीच्या फाटकाबाहेर कवडीची किंमत नाही. चाळिशीच्या माणसानं मग स्टोव्हची पिन घालायला शिकायचं, पंपाचं चामडी वायसर कापायला शिकायचं, पावसाळ्यात छत्रीच्या काड्या बसवायला शिकायचं. ते त्यांना कुणी शिकवलं? आईंना विचारा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

दादांना मारल्याचा प्रसंग लिहायचा की नाही, हे तुम्ही ठरवू नका आणि मीही ठरवत नाही. तो दादांचा आहे. त्यांच्याशी आधी बोला. ते नको म्हणाले तर विषय तिथेच संपला. हो म्हणाले तर त्यांच्या तोंडचे शब्द घ्या, तुमचे नकोत. मार बसला हे झाकू नका आणि ‘भल्यासाठीच मारलं’ अशी सारवासारवही करू नका. दादा त्यानंतर पुन्हा शाळेत गेले का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. त्या एका गोष्टीवर बरंच अवलंबून आहे.

आता वेण्या. पत्र वाचताना मी इथे थांबले आणि बराच वेळ पुढे गेले नाही.

साच्यात सुताला वाट करून देते तीही फणी आणि केसांत भांग पाडते तीही फणी. आपल्या भाषेनं दोन्हींना एकच नाव दिलंय. संपाच्या दिवसांत पहाटे तुमच्या आई पोळ्या लाटायला गेलेल्या, बाहेर भोंगा नाही, आणि ज्या हातांनी एकवीस वर्षं तुटलेले धागे जोडले त्या हातांना काम नाही. त्या हातांत त्यांनी फणी घेतली. घट्ट वेणी का घालायचे, विचारता? ताणा सैल पडला की धागे एकमेकांत अडकतात, कापड बिघडतं. सैल सोडणं त्यांच्या बोटांना माहीतच नव्हतं. आठवून बघा, घट्ट होत्या खऱ्या, पण गुंता काढताना केस ओढला जायचा का? भांग वाकडा असायचा का? रिबिनीच्या गाठी शाळा सुटेपर्यंत टिकायच्या का? मी पैजेवर सांगते, टिकत असणार.

त्या काळी चाळीत मुलीच्या वेण्या बाप घालतोय हे दार उघडं ठेवून करायला छाती लागत होती. शेजारचे काय म्हणत असतील त्याची कल्पना करा. नोकरी गेलेल्या पुरुषाला बायकी कामाचा टोमणा फार लागतो. त्यांनी तो सोसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलाची बाटली घेऊन बसले.

तुम्ही विचारता हे लोकांना का सांगायचं. ताई, मांडवात बसलेल्यांपैकी निम्म्यांना हे माहीतच नाही म्हणून सांगायचं. बाबा गिरणीत होते हे त्यांना माहीत आहे, तुमच्या वेण्या घालत होते हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नाही सांगितलं तर ते तुमच्याबरोबर संपेल.

मी ही चूक केलेली आहे, म्हणून इतक्या आग्रहानं लिहिते. काकांच्या प्रथम पुण्यस्मरणाला पेपरात द्यायचा मजकूर घरच्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला होता. ‘आपला प्रेमळ स्वभाव, परोपकारी वृत्ती सदैव स्मरणात राहील.’ ते कात्रण माझ्याकडे आहे. आज वाचलं तर त्यात काका सापडत नाहीत. तो मजकूर कुणाच्याही फोटोखाली चालला असता. खाकी पँटच्या खिशातला आकडा, दसऱ्याचा तो आरडाओरडा, रात्रपाळीहून आल्यावर आम्ही झोपेत असताना उशाशी ठेवलेले चण्याचे पुडे, यातलं काहीच मी लिहिलं नाही. मला तेव्हा ते लिहिण्यासारखं वाटलं नाही. आता काकू गेली, त्यांचे सोबती गेले, आणि काही गोष्टी विचारायला कुणी उरलेलं नाही.

तुमच्या आई आहेत. त्यांच्याजवळ बसा, पण ‘बाबा कसे होते?’ असं विचारू नका. त्या म्हणतील, ‘चांगले होते गं,’ आणि डोळे पुसतील. पहिल्या पाळीला ते किती वाजता उठायचे, उठल्यावर आधी काय करायचे, डब्यात काय न्यायचे ते विचारा. गावाहून आल्यावर बैठकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत किती जणांत राहिले आणि झोपायला वळकटी कुठे टाकायचे, पगाराचं पाकीट कुणाच्या हातात द्यायचे, संपात पहिली कुठली वस्तू विकली आणि ती विकायला कोण गेलं, दुरुस्तीचे पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, अशा प्रश्नांना नुसतं चांगलं होतं म्हणून भागत नाही. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा, आईंना सांगून. एका बैठकीत उरकू नका. भाजी निवडताना विचारा, तेव्हा जास्त सांगतात.

खात्यातले जे दोघं-तिघं येणार आहेत, त्यांना श्राद्धाच्या दिवशी विचाराल तर गर्दीत काही हाती लागणार नाही. आधी गाठा. फोनवर त्यांना नीट ऐकू येणार नाही, समोर जाऊन बसा. आकडा बरोबर न्या आणि त्यांच्या हातात द्या. पुढचं त्यांची बोटं दाखवतील.

चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांना इतकंच विचारा की बाबांनी दुरुस्त केलेलं काही अजून घरात आहे का. एखाद्या घरात त्यांनी बसवलेली कडी अजून लागत असेल. असेल तर तिचा फोटो घ्या. ‘मोठं असं काही झालं नाही’ हे वाक्य तुमच्या दोन पानांत तोवर लिहू नका.

कागदपत्रांचं थोडं व्यवहारी बोलते. गिरणीचा पास, ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, पगाराची एखादी चिठ्ठी, जे असेल ते एका फायलीत लावा आणि प्रती तिन्ही भावंडांकडे ठेवा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली. बाबांनी किंवा आईंनी कधी अर्ज भरला होता का ते तपासा, कारण कामगार गेल्यावर वारसाला तो हक्क सांगता येतो आणि तेव्हा हेच कागद मागतात. पासावरचा फोटो मात्र मोठा करून घ्या. कार्यक्रमात लावायला बहुतेक घरांत म्हातारपणचा फोटो काढतात. गिरणीत लागलेला विशीतला पोरगा तुमच्या मुलांनी पाहिलेलाच नसतो.

आणि पेटी. भंगारात द्यायची नाही, हे धाकट्याला माझ्या नावावर सांगा. तो निर्दय आहे असं मला वाटत नाही. घर लहान असतं, पेटी जड असते, आणि रोज ती नजरेला पडली की त्रास होतो. त्याला पेटी नको असेल, बाबा नकोत असं नाही. पण मखरातही ठेवू नका. हत्यार वापरलं नाही की गंजतं.

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा खंडेनवमी तोंडावर आलेली असेल. वर्षाच्या आत तुमच्याकडे सण करत नसतील, तर हार-फुलं, हळदकुंकू यंदा राहू द्या. पेटी उघडून गंज काढायला आणि तेलाचा हात फिरवायला मात्र काहीच आड येत नाही. तिघं भावंडं एकत्र बसा. पाना, पक्कड, कानस, हातोडी एकेक बाहेर काढा. हातोडीचा दांडा नीट बघा. वर्षानुवर्षं एकाच मुठीत राहिलेलं लाकूड त्या मुठीचा आकार घेतं, अंगठ्याच्या जागी खळगा पडतो. तिथे तुमचा अंगठा ठेवून बघा. मग वाटून घ्या, ज्याला जे वापरता येईल ते. पक्कड धाकट्याला द्या. घरात नळ गळायला लागला की आपोआप हातात येईल. पुढच्या वर्षापासून खंडेनवमीला सगळी हत्यारं एका पाटावर येऊ देत.

आकडा तुम्ही ठेवा.

दोन पानांची सुरुवात कुठून करायची, हेही विचारलं असतंत तर म्हटलं असतं, ‘बाबा माझ्या वेण्या फार घट्ट घालायचे’ हे तुमचंच वाक्य पहिलं ठेवा. पालकसभेचं लिहावंसं वाटलं तर लिहा. तुम्हाला लाज वाटली होती हेही लिहा, आणि आज त्या आवाजाबद्दल काय कळलं तेही. माफी मागायची तर मांडवात मागू नका. ती घरी, एकट्यानं, फोटोसमोर मागा. आईंनाही थोडी जागा द्या. पहाटे पोळ्या लाटायला जाणाऱ्या बाईशिवाय ही वेणीची गोष्ट उभीच राहत नाही.

दोन पानांची तीन झाली तरी चालतील. आणि वाचायला उभ्या राहाल तेव्हा बाबांच्या खात्यातल्या माणसांना अगदी पुढे बसवा. माईक असला तरी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश आणि चांगलं मोठ्यानं वाचा. त्यांना ऐकू गेलं पाहिजे.